कॉर्नेटमधलं पाणी

माझा धंदा संशयाचा आहे. विमा कंपन्या मला अपघाताच्या फायली देतात आणि मी त्या त्या घरी जाऊन, ज्याला लागलं म्हणतात त्याला खरंच किती लागलंय ते बघून येतो. वसई-विरारमध्येच राहून हे काम करायचं म्हणजे ओळखीपाळखीत वाईटपणा घ्यायचा. पण कुणीतरी घ्यायलाच हवा. मी बेल वाजवली की आतून "एक मिनिट हं" असा आवाज येतो आणि दार उघडेपर्यंत मानेला पट्टा लागलेला असतो. दुखऱ्या पायाऐवजी धडधाकट पायाने लंगडणारे महाभाग मी पाहिलेत. दुखण्याचं सोंग चहा येईपर्यंत कसंबसं टिकतं आणि बिस्किटं आली की सुटतं, हा माझा अनुभव.

वटार गावचा निकोलस मला भेटला तो ह्या सगळ्यांच्या उलट. तो बरं असल्याचं सोंग करत होता.

निकोलस साठीकडे झुकलेला, बुटका आणि छातीने रुंद. पूर्वी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कामाला होता. तो बंद पडल्यावर त्याने घरची वाडी धरली. वाडीत केळी, शेवगा आणि कडेने अनंताची झाडं. पण त्याला केळीवाला म्हणून कोणी ओळखत नाही. तो कॉर्नेटवाला निकोलस. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं जरा आखूड भावंड. गावात पितळी वाद्यांचा बँड आहे; लग्न असो, चर्चचा सण असो की मयत, बँड पुढे आणि माणसं मागे. त्या बँडमध्ये पहिलं कॉर्नेट वरची ओळ वाजवतं, म्हणजे गाण्याची जी चाल आपण घरी गुणगुणत येतो ती. बाकीचे तिला खालून आधार देतात. निकोलसला ही जागा पास्कू मास्तरांनी दिली तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तेव्हापासून ती त्याची होती.

पास्कू मास्तर म्हणजे बँडचे मास्तर. आता काठीशिवाय चालत नाहीत, पण प्रॅक्टिसला खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या बँडची एक रीत आहे. माणूस वाजवायचा थांबला की सणाच्या दिवशी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर आपली बँडची टोपी मास्तरांच्या हातात देतो. मास्तर ती प्रॅक्टिसच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला लावतात. एकदा लागलेली टोपी परत उतरत नाही. वयाने थकलेले, दात पडलेले, दुबईला गेलेले, सगळ्यांच्या टोप्या तिथे आहेत. गावात "त्याची टोपी लागली" असं म्हणतात ते फक्त बँडपुरतं नसतं. कुणी कामातून गेला की त्यालाही तसंच म्हणतात.

अपघात तसा किरकोळ. नोव्हेंबरात उमेळ्याला एक लग्न होतं. निकोलस पांढरा युनिफॉर्म चढवून, कॉर्नेटची पेटी पायाशी ठेवून स्कूटरवरून निघाला होता. उमेळ्याला आता वाड्या कमी आणि टॉवर जास्त झालेत. अशाच एका टॉवरखाली सुमेध नावाच्या तरुणाने रस्त्याकडेला कार थांबवली आणि आरशात न बघता दार उघडलं. निकोलसचं तोंड दाराच्या कडेवर आपटलं. हाडबीड काही मोडलं नाही. वरचा ओठ आतून-बाहेरून फाटला आणि पुढचा एक दात हलला. डॉक्टरांच्या दाखल्यावर दोनच शब्द: किरकोळ दुखापत.

सुमेध मला पहिल्या भेटीतच आवडला, आणि माझ्या धंद्यात हे चांगलं लक्षण नव्हे. "चूक माझीच होती," त्याने सांगून टाकलं. "मी म्हटलं, काका, आधी डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, आधी लग्न. मला म्हणाले, चर्चपर्यंत सोड. ओठातून रक्त येत होतं. मी गाडीतला नॅपकिन दिला. युनिफॉर्मवर थेंब पडू नये म्हणून मान पुढे काढून चालत गेले ते आत."

"आणि वाजवलं?"

"ते मी कशाला बघतोय. मला ऑफिसला पळायचं होतं. संध्याकाळी फोन केला तर त्यांची मुलगी म्हणाली, टाके पडलेत."

सुमेधच्या गाडीच्या विमा कंपनीकडे दावा केला होता तो ह्या मुलीने, टिफनीने. म्हणजे दावा निकोलसचा, सही त्याची, पण धावपळ सगळी तिची. दाव्यात म्हटलं होतं की ओठाची आतली शीर दुखावली, ओठ बधिर झाला आणि दावेदाराला आता कॉर्नेट वाजवता येत नाही. कंपनीने हे एरवी मान्यही केलं असतं. पण कंपनीच्या वकील वसुंधरा मॅडम. त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्याच लग्नाचा, त्याच दिवसाचा. नवरानवरी चर्चमधून बाहेर येतायत, पुढे बँड आहे आणि बँडच्या पहिल्या रांगेत निकोलस. कॉर्नेट ओठाला, बोटं खटाखट चाललेली, मान लयीत डोलतेय.

व्हिडिओवाल्याने वरून सिनेमाचं गाणं टाकलं होतं, त्यामुळे बँडचा आवाज काही ऐकू येत नव्हता. पण दिसत होतं ते पुरेसं होतं.

"ओठ फाटलेला माणूस तासाभरात कॉर्नेट वाजवतो," मॅडम म्हणाल्या. "मला दावा नुसता नामंजूर करायचा नाही. मला फसवणुकीची तक्रार करायचीय. जा आणि पक्कं करून या."

मी गेलो. मनातून निकाल देऊनच गेलो होतो, हे लपवत नाही.

मार्च महिना होता. निकोलसचं घर वाडीतच, विहिरीला लागून. मी ओळख सांगितली. निकोलसची बायको मटिल्डा हिने खुर्ची पुसून दिली. आता "आई ग, ओठ" सुरू होईल म्हणून मी वही काढून बसलो. निकोलस समोर आला, माझ्याकडे बघून छान हसला आणि म्हणाला, "मला काय धाड भरलीय, साहेब? एकदम बरा आहे."

"ओठ बधिर आहे असं लिहिलंय."

"पोरीने लिहिलंय."

"सही तुमची आहे, अंकल."

"पोरगी सही मागते तर बाप काय वाचत बसतो? शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून करत आलोय."

टिफनी तोवर आतून आली होती. ती मालाडला एका कंपनीत नोकरीला आहे आणि त्या दिवशी माझ्यासाठी सुट्टी घेऊन थांबली होती. तिचा चेहरा लाल झाला. "सर, पप्पांचं ऐकू नका. चहा पिताना ओठावरून ओघळतो, तेसुद्धा त्यांना कळत नाही. मम्मीला विचारा. पूर्वी रोज संध्याकाळी विहिरीवर बसून वाजवायचे. नोव्हेंबरपासून पेटी उघडली नाही घरात."

"शेजाऱ्यांना त्रास होतो," निकोलस म्हणाला.

"कुठले शेजारी? केळी?"

मी म्हटलं, भांडू नका, सोपं आहे. अंकल, एक गाणं वाजवून दाखवा, मी लिहून घेतो आणि जातो.

निकोलसने क्षणभरही विचार केला नाही. "उपवासकाळ चालू आहे साहेब. ईस्टरपर्यंत आम्ही वाजवत नाही."

हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी माफी मागितली. कोकणातल्या हिंदू माणसाला उपवासकाळाचे नियम काय ठाऊक? घरी येताना अर्ध्या वाटेत डोक्यात आलं की त्या काळात लग्नं होत नसतील, वाजतगाजत मिरवणूक निघत नसेल. पण घरात बसून सराव करायला कोणाची बंदी असेल? दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका फादरना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "सराव तर ह्याच दिवसांत जास्त होतो. ईस्टरची तयारी नको?"

म्हणजे हा माणूस वाजवायला घाबरत होता. पण ज्याला दावा जिंकायचाय त्याने घाबरायचं कशाला? येत नसेल तर दोन फुसके सूर काढून दाखवायचे, काम फत्ते. आणि येत असेल तर वाईट वाजवणं किती कठीण? मला हे कोडं सुटेना. मुलगी म्हणते येत नाही, व्हिडिओ म्हणतो येतं, आणि ज्याचं तोंड आहे तो व्हिडिओच्या बाजूने. स्वतःचाच दावा बुडवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

ईस्टर झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी मी प्रॅक्टिसच्या खोलीकडे गेलो. चर्चच्या मागे कौलारू खोली, खिडक्या सताड उघड्या. कोणी विचारलं तर पुतण्याच्या लग्नासाठी बँड ठरवायचाय, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. मला पुतण्या नाही. खिडकीशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसायचं: भिंतीवरच्या टोप्या, खुर्चीत पास्कू मास्तर, आणि निकोलस आपल्या जागी, पहिल्या रांगेत उजवीकडे. शेजारी दुसरं कॉर्नेट घेऊन एक तिशीची बाई होती.

बँड वाजायला लागला आणि काय सांगू, सुरेख वाजत होता. वरची ओळ लख्ख ऐकू येत होती. निकोलसची बोटं त्या ओळीबरोबर अचूक चालली होती, गाल फुगत होते, भुवया उंच सुरांना वर जात होत्या. मी मनात म्हटलं, संपला विषय. टिफनीबाई, तुमच्या पप्पांनी तुम्हालाच बनवलं.

मग मध्ये ते थांबले आणि सगळ्यांनी पाणी काढलं.

हे मला आधी माहीत नव्हतं. पितळी वाद्यात फुंकत राहिलं की श्वासाच्या वाफेचं आत पाणी होतं. वादक मधून मधून नळीखालची छोटी चावी दाबतात, फूं करतात आणि ते पाणी जमिनीवर पडतं. खोलीतली फरशी जागोजाग ओली झाली होती. युफोनियम नावाचं मोठं वाद्य वाजवणाऱ्यापुढे तर थारोळंच. शेजारच्या बाईनेही काढलं. निकोलसनेही चावी दाबली, फूं केलं, कॉर्नेट जरासं हलवलंसुद्धा. त्याच्या पायापुढची फरशी कोरडी.

मी तासभर त्या फरशीकडे बघत राहिलो. सोंग ओळखायचा माझा धंदा आहे. तीन वेळा सगळ्यांनी पाणी काढलं आणि तिन्ही वेळा त्याच्यासमोर थेंबही पडला नाही. तो फुंकतच नव्हता. नुसती बोटं चालवत होता. नोव्हेंबरात लग्नातही त्याने तेच केलं असणार: आलेली माणसं बघतायत, पहिल्या कॉर्नेटची जागा रिकामी कशी ठेवायची, म्हणून फाटक्या ओठाला पितळ लावून उभा राहिला. आणि तेव्हापासून नाताळ, जानेवारीतले सण, ईस्टर, सगळीकडे तसाच उभा होता.

मग वरची ओळ वाजवत कोण होतं?

प्रॅक्टिस सुटल्यावर मी त्या बाईला गाठलं. पुतण्याच्या लग्नाचं सुरू केलं, तर तिने मध्येच थांबवलं. "तुम्ही टिफनीकडे आलेले विम्याचे सर ना? गावात नवी मोटरसायकल आली की सगळ्यांना कळतं." तिचं नाव अँजेलिना, शाळेत शिक्षिका. मी सरळच विचारलं. तिने मागे वळून बघितलं. निकोलस स्कूटरला किक मारत होता. तो गेल्यावर ती बोलली.

"मी वाजवते. दोन्ही ओळी जमत नाहीत, मग माझी खालची ओळ क्लॅरिनेटवाला उचलतो."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. लग्नाच्या दिवशीच कळलं. त्यांच्या कॉर्नेटच्या तोंडावर रक्त होतं, सर. मास्तरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, कोणी काही बोलायचं नाही. त्याचा ओठ परत येईल. नाही आला तर तो आपणहून सांगेल. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पाच महिने झाले."

"हो." ती पायाकडे बघत होती. "सर, तुम्ही लिहा काय लिहायचं ते. पण आम्हाला माहीत आहे हे त्यांना सांगू नका. ते परत खोलीत पाऊल टाकणार नाहीत."

घरी येऊन मी रिपोर्ट लिहायला बसलो आणि माझी चिडचिड झाली. खरं लिहिलं तर त्याला भरपाई मिळणार. पण ते कागद कोर्टात वाचले जाणार, गावात पोहोचणार आणि त्याची टोपी खिळ्याला लागणार. नाही लिहिलं तर वसुंधरा मॅडम त्याला फसवणारा ठरवणार. आयुष्यात कोणाचं केळीचं पानही ज्याने न विचारता तोडलं नाही, त्याच्यावर पोलीस तक्रार. आणि हे सगळं सुखासुखी ओढवून घेतलं होतं त्याने स्वतः. मला त्याचा राग आला आणि कणवही आली, आणि ह्या दोन गोष्टी एकदम आल्या की माझं डोकं चालत नाही. रिपोर्ट तसाच ठेवून मी सकाळी वटारला गेलो.

निकोलस वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होता. मी प्रस्तावना केली नाही. "अंकल, तुमच्या कॉर्नेटमधून पाणी पडत नाही."

त्याच्या हातातला कोयता थांबला. 

"खिडकीत तुम्ही होता होय," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "अजून कोणी बघितलं?"

"मी एकटाच होतो."

"मास्तरांना कळलं असेल?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो. अँजेलिनाने सांगू नका म्हणून विनवलं होतं.

तो विहिरीच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "लग्नात वाटलं, आजचा दिवस उभा राहतो. टाके निघाले की होईल. टाके निघाले. मग वाटलं, नाताळपर्यंत होईल. ओठ आहे साहेब, पण माझा नाही. दुसऱ्या कोणाचा तरी माझ्या तोंडावर चिकटवल्यासारखा आहे. फुंकर मारली की बाजूने वारा जातो."

"मग सांगायचं होतं ना."

"काय सांगू? टोपी घ्या म्हणू?" तो पहिल्यांदाच चिडला. "माझ्या बापाला गावात कोणी ओळखत नव्हतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ह्या गावातली सगळी लग्नं मी वाजवलीत. ज्यांची लग्नं वाजवली त्यांच्या पोरांची पण वाजवली. सकाळी आरशात बघतो तर मी कॉर्नेटवाला असतो. टोपी गेली की मग कोण? केळीवाला?"

 माझ्याकडे जे होतं ते मी सांगितलं, जरा कठोरपणेच. "अंकल, कंपनीकडे लग्नाचा व्हिडिओ आहे. तुम्ही बरे आहात म्हणालात, तर ते म्हणणार दावा खोटा. मग तुम्ही कॉर्नेटवालाही नाही आणि केळीवालाही नाही. मग तुम्ही लबाड. आणि टिफनीही, कारण धावपळ तिने केलीय. दावा मागे घेऊनही आता सुटणार नाही. कंपनीच्या वकील मॅडम हट्टाला पेटल्यात. मी लिहू शकतो. पण मी लिहिलं तर ते माझं होईल. तुम्ही सांगितलंत तर तुमचं राहील."

 मटिल्डाने दारातून चहाला हाक मारली. कपाच्या कडेवरून चहा त्याच्या हनुवटीवर ओघळला आणि तिने काही न बोलता पदराने पुसला. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही, इतकी त्या दोघांना त्याची सवय झाली होती.

निकोलसने काही कबूल केलं नव्हतं, तरी मी रिपोर्टात एवढंच लिहिलं की दावेदार तडजोडीच्या वेळी स्वतः खुलासा करतील. वसुंधरा मॅडम म्हणाल्या, "हा काय रिपोर्ट आहे?" मी म्हटलं, आहे तो हाच आहे.

मे महिन्यात वसईच्या कोर्टात लोकअदालत भरली. तिथे खटला चालत नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून प्रकरण मिटवतात. एका मोठ्या खोलीत टेबलं, एकेका टेबलामागे निवृत्त न्यायाधीश आणि समोर नंबर लागलेले लोक. निकोलस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मांडीवर कापडी पिशवी. बरोबर टिफनी, सुमेधही रजा काढून आलेला. मला नवल वाटलं ते मागच्या बाकाकडे बघून. तिथे पास्कू मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसले होते आणि त्यांच्याशेजारी अँजेलिना. निकोलसला ते दिसले आणि तो पांढरा पडला.

"हे का आलेत?" त्याने टिफनीला विचारलं.

"मी सांगितलं होतं तारीख आहे म्हणून. मला काय माहीत येतील?"

नंबर आला. सुमेधने आपली चूक आहे हे सांगितलं, रक्ताचं सांगितलं, नॅपकिनचंही. मग वसुंधरा मॅडमनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला. सिनेमाचं गाणं खोलीभर झालं. न्यायाधीश बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि निकोलसला विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग वाजवता येत नाही म्हणताय ते कसं?"

निकोलसने मागे बघितलं नाही. पण त्याला मागे कोण आहे ते माहीत होतं, आणि मी त्याच्या बाजूलाच उभा असल्यामुळे त्याचे हात मला दिसत होते. पिशवीचा बंद त्याने बोटाला गुंडाळला होता, बोट निळं पडेपर्यंत.

"ह्यात मी वाजवत नाही, मॅडम," तो म्हणाला. "नुसता उभा आहे. बोटं चालवतोय. फुंकत नाही. त्या दिवसानंतर एक सूर फुंकलेला नाही मी. बँडमध्ये जातो, उभा राहतो आणि घरी येतो. सगळ्यांना फसवतोय. दावा खरा आहे. पोरगी खरं बोलतेय. मी खोटा."

त्याचा आवाज खोलीच्या मानाने जास्तच मोठा होता. शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले. टिफनीने बापाचा हात धरला आणि ती रडायला लागली. सहा महिने ती एकटीच खरं म्हणत होती.

वसुंधरा मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. त्या कडक आहेत, पण खरं ओळखतात. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि न्यायाधीश बाईंना म्हणाल्या, "कंपनी तडजोडीला तयार आहे." रक्कम मी सांगणार नाही, तो कंपनीचा नियम आहे. निकोलसने ती ऐकलीही नसावी. त्याने दाखवतील तिथे सह्या केल्या. ह्या वेळीही वाचलं नाही.

बाहेर आवारात पिंपळाखाली पास्कू मास्तर उभे होते. निकोलस सरळ त्यांच्याकडे गेला. पिशवीतून टोपी काढली. पांढरी, सोनेरी पट्टीची, मटिल्डाने धुऊन आणलेली असणार. दोन्ही हातांनी पुढे केली.

"आज सण नाही," मास्तर म्हणाले.

"तरी घ्या."

"खिळे संपलेत."

"मास्तर, मस्करी करू नका. मी सहा महिने तुम्हाला फसवलं."

मास्तरांनी अँजेलिनाकडे बघितलं. ती कधीपासून ओठ चावत होती. "अंकल," ती म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून."

"तुम्हा दोघांना?"

"सगळ्यांना. ढोलवाल्यालासुद्धा."

निकोलस टोपी धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं आता हा वळेल, स्कूटरला किक मारेल आणि परत कोणाला तोंड दाखवणार नाही. अँजेलिनालाही तेच वाटलं असावं, कारण तिने घाईघाईने पुढे सांगायला घेतलं: मास्तर म्हणाले होते, तुम्ही आपणहून सांगाल, तुम्हाला वाईट वाटू नये, ओठ बरा झाला असता तर. निकोलस ऐकत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, पण वेगळ्याच नजरेने. चुकलेलं गणित पोराच्या वहीत बघणाऱ्या शाळेतल्या मास्तरासारखा.

"वरची ओळ तू वाजवत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलंच. मी बाजूला उभा असतो. मला ऐकू येतं. गाण्याच्या तिसऱ्या ओळीत घाई करतेस तू."

"कुठे?"

"जिथे वर चढायचं तिथे. चढायच्या आधी श्वास घेत नाहीस. नाताळपासून करतेस. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता पडली, आता पडली."

"मग सांगायचं ना, अंकल."

"कसं सांगणार?" निकोलस म्हणाला. "मी वाजवत होतो ना."

मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओठावरून ओघळलं. ते त्याला कळलं नाही. पुसायला मटिल्डा तिथे नव्हती.

पास्कू मास्तरांनी त्याच्या हातातली टोपी घेतली, काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी ती त्याच्या डोक्यावर बसवली. जरा वाकडी बसली.

"रविवारी ये आणि तिला सांग," ते म्हणाले. "उभा राहून राहून पाय दुखले असतील. तुझ्यासाठी माझ्या बाजूला खुर्ची ठेवतो."